जावांचा थांबा

त्या थांब्यावर बस थांबत असे, एवढा एक दोष सोडला तर थांबा फार चांगला होता. डोक्यावर पत्रा होता, पाठीला टेकायला भिंत होती, आणि एकमेकांशी बरं असेल तर सात व नसेल तर चार माणसं बसतील असं लोखंडी बाक होतं. गल्लीच्या तोंडाशीच असल्यामुळे तिथून सगळी गल्ली दिसायची. न्हाव्याच्या दुकानात खुर्ची एकच, म्हणून त्याची गिऱ्हाइकं गळ्याला टॉवेल गुंडाळून थांब्यावर नंबर लावून बसायची. शिंपीणबाई तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि तिचा जिना असा होता की एकदा चढून गेलेला माणूस पुन्हा कपडे न्यायला येत नसे. म्हणून ती शिवलेले कपडे थांब्यावर आणून द्यायची, आणि बाही आखूड निघाली तर भांडणही तिथंच व्हायचं. एक निवृत्त कारकून रोज सकाळी पेपर घेऊन यायचा. आपण निवृत्त झालो हे त्यानं घरी सांगितलं होतं, पण म्हणून दिवसभर घरात बसायची परवानगी काही त्याला मिळाली नव्हती. ज्यांचं जमत आलेलं असे ती पोरं-पोरी दुपारी येत आणि ज्यांचं फिसकटलेलं असे ती संध्याकाळी.

बसनं मात्र कुणी जात नसे. बसवर कुणाचा राग होता असं नाही. बाजार पायी जवळ होता आणि बस त्याच बाजाराला नदीकडून वळसा घालून जायची. त्यामुळे ज्याला घाई असेल तो चालत जाई आणि ज्याला घाई नसेल तो थांब्यावर बसे. बस दिवसातून दोनदा यायची, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. बाकावर माणसं दिसली की बिचारा ड्रायव्हर ब्रेक दाबायचा, दार उघडायचा आणि वाट बघायचा. बाकावरचे सगळे ओशाळून आपापल्या चपलांकडे बघायचे. असं किती दिवस चालणार? शेवटी गल्लीनं एक रीत पाडली. बस दिसली की बाकावर जे कुणी वयानं मोठं असेल त्यानं हात वर करून हलवायचा. जा बाबा, तुझं चालू दे. मग ड्रायव्हरही हात वर करायचा आणि न थांबता पुढे जायचा. नवा ड्रायव्हर आला तर जुना त्याला सगळा रस्ता समजावून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "आणि तिथं एक म्हातारी हात करते. चुकूनही थांबू नकोस, तिला वाईट वाटतं."

ती म्हातारी म्हणजे मोठी. एक गुडघा सोडला तर मोठी धडधाकट होती, तिला म्हातारी म्हणायचं काही कारण नव्हतं. पण सकाळच्या बसला बाकावर कारकुनाखालोखाल वडील तीच असायची, आणि कारकून पेपरातून डोकं वर काढत नसे, त्यामुळे हात हलवायचा मान तिचा. तिच्या उजव्या बाजूला धाकटी. या दोघी सख्ख्या जावा.

आता दोन जावांनी बोलायला थांब्यावर का यावं, घरात काय आग लागली होती, असं कुणीही विचारील. घरात आग लागली नव्हती, प्लायवूड लागलं होतं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघं मिळून कुलूप-किल्लीचं दुकान चालवायचे. एकदा एका बड्या गिऱ्हाइकानं हातगाडीवर घालून तिजोरी आणली. किल्ली हरवलेली. थोरला सकाळपासून तिच्याशी झटत होता. तिजोरी काही ऐकेना. जेवणाची वेळ झाली तशी तो गिऱ्हाइकाला घेऊन आत जेवायला गेला, आणि धाकट्यानं सहज म्हणून तार घातली तर दार उघडलं. थोरला हात पुसत बाहेर आला. त्याच्यामागे गिऱ्हाईक. धाकट्याला वाटलं, चारचौघांत भावाची लाज राखावी. तो म्हणाला, "दादा, उघडीच होती की! तूच उघडून गेलास, तुझ्याच लक्षात नाही आलं." गिऱ्हाईक खो खो हसलं. थोरला हसला नाही. त्यानं तिजोरीकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि विचारलं, "मला भीक घालतोस?"

त्याच संध्याकाळी दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली आणि तीच पुढे मागच्या घरातूनही गेली. धंद्याचीही वाटणी झाली. कुलपं थोरल्याकडे, किल्ल्या धाकट्याकडे. तेव्हापासून ज्या गिऱ्हाइकाला दोन्ही लागायचं ते कुलूप घेऊन एका दारातून बाहेर पडायचं आणि किल्लीसाठी शेजारच्या दारातून आत शिरायचं. त्यात दोन्ही भावांना काही वावगं वाटत नसे. या घरच्यानं त्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही आणि त्या घरच्यानं या घरच्याशी बोलायचं नाही, अशी शपथ झाली. शपथ घेताना बायकांना कुणी विचारलं नाही. धाकटीची मुलगी तेव्हा पहिलीत होती, आता ती नोकरीला लागली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही अजून चांगला शाबूत होता.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला चहासुद्धा धड करता येत नव्हता. तिला हाताशी धरून शिकवलं ते मोठीनं. तिची मुलगी झाली ती मोठीच्या खोलीत. मोठीला स्वतःला मूल नव्हतं आणि बहीणही नव्हती. धाकटीच्या रूपानं तिला दोन्ही मिळालं होतं. मग एका संध्याकाळी मध्ये प्लायवूड आलं आणि त्या दिवसापासून तिला धाकटीची फक्त भांडी ऐकू यायला लागली.

थांबा कुणी शोधून काढला हे दोघींनाही आठवत नव्हतं. पिशवी घेऊन मोठी आधी यायची, थोड्या वेळानं पिशवी घेऊन धाकटी यायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार होता, फक्त इथं ताक नव्हतंच, नुसतं भांडंच होतं. दोन्ही दुकानांतून थांबा स्वच्छ दिसायचा. पण बसची वाट बघणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. सगळ्यांची तोंडं बस येते त्या बाजूला असतात, कुणाला कुणाकडे बघावं लागत नाही. बस उजवीकडून यायची, म्हणून दोघी उजवीकडे बघत बोलायच्या. धाकटी उजव्या अंगाला बसलेली, त्यामुळे मोठीला तिचा अंबाडा दिसायचा. धाकटीला मोठी दिसायचीच नाही, फक्त ऐकू यायची. एखादा नवरा दुकानाच्या पायरीवर आला की धाकटी मोठ्यानं विचारायची, "अहो बाई, गाडी गेली का?" मोठी म्हणायची, "नाही बाई, येईलच एवढ्यात." तो आत गेला की मुलीचा ताप, गुडघ्याचं तेल, नव्या पंख्याचा आवाज, जिथं राहिलं होतं तिथून पुन्हा सुरू.

धाकटीची आई गेली तेव्हाही ती थांब्यावरच आली होती. उजवीकडे बघत रडली. मोठीला नुसता अंबाडा हलताना दिसत होता. दोन्ही दुकानं उघडी होती, त्यामुळे पाठीवर हात ठेवायची सोय नव्हती. तिनं आपली पिशवी सरकवून धाकटीच्या पिशवीला टेकवली. धाकटीनं पिशवी काढून घेतली नाही. तेवढ्यात बस आली आणि मोठीनं हात हलवून ती घालवून दिली.

मग एक दिवस थांब्याच्या खांबावर कागद चिकटला. सभा अर्थातच थांब्यावरच भरली. निवृत्त कारकुनानं कागद वाचून दाखवला. वाचताना त्याला इतका आनंद होत होता की वाईट बातमी आहे हे लोकांना उशिरा कळलं. ज्या थांब्यांवर प्रवासी चढत नाहीत ते थांबे काढून टाकण्यात येतील. अमुक दिवशी खात्याचा माणूस येऊन मोजणी करील. सकाळच्या आणि संध्याकाळच्या, दोन्ही गाड्यांना कुणीतरी चढलं तर थांबा राहील.

"म्हणजे कुणीतरी बसनं जायचं?" न्हाव्याच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं. त्याच्या एका गालाला साबण होता.

"एकच दिवस," न्हावी म्हणाला. तो अशा कामात पुढे असायचा, कारण हजामती करताना सगळ्यांची डोकी त्याच्या हाताखालून जात आणि त्यामुळे गल्ली आपण चालवतो असं त्याला वाटे. "सकाळी सगळ्यांनी चढायचं, पुढच्या स्टॉपवर उतरायचं, चालत परत यायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. एक दिवस मरायला काय होतंय?"

सगळ्यांनी माना हलवल्या.

"स्टॉप गेला तर गं?" दुसऱ्या दिवशी तिनं उजवीकडे बघत विचारलं.

"निघेल काहीतरी," धाकटी म्हणाली.

"काय निघेल? बाजारात दोघींपैकी एकीचा तरी नवरा भेटतो. दवाखान्यात बसायचं तर आधी आजारी पडायला हवं. इथं कुणी विचारत नाही. कुणाच्याही शेजारी बसा, बसला थांबलोय म्हटलं की संपलं. असं दुसरं ठिकाण दाखव मला या गावात."

धाकटीनं बराच वेळ दाखवायचा प्रयत्न केला, मनातल्या मनात. मग म्हणाली, "नाही दिसत, ताई."

"मला तुझ्याशिवाय कोण आहे?" मोठी म्हणाली. रोजचं तेल-पंखा बोलताना हे वाक्य मध्ये कधी आलं नव्हतं. अंबाडा नुसता खाली झुकला.

मोजणीच्या दिवशी सकाळी थांब्यावर लग्नाला निघाल्यासारखी गर्दी होती. शिंपीणबाईनं गल्लीतल्या निम्म्या लोकांना नवे कपडे त्याच दिवशी दिले होते, ते सगळे घालून आले. कारकून पेपर घरी ठेवून आला, म्हणजे केवढी तयारी ते समजा. न्हावी वस्तरा खिशात घालून आला होता. खात्याचा मोजणीवाला समोरच्या कट्ट्यावर बसला. त्याच्या मुठीत बोटानं दाबायचं एक छोटं यंत्र होतं, चढलेल्या माणसामागे एकदा टक्. तोंडावरून तो भला माणूस वाटत होता, पण झोप अपुरी झालेला.

"मोठ्या माणसांनी पुढे बसायचं," न्हावी म्हणाला. "त्यांना आधी चढवू. खात्याला बरं दिसतं."

म्हणून मोठी बाकावर पुढे बसली, धाकटी तिच्या उजवीकडे नेहमीसारखी. मोठी मनाला बजावत होती, उठायचं आणि चढायचं, दुसरं काही नाही. पण नुसतं गप्प बसवेना, म्हणून तिनं धाकटीला मुलीच्या नोकरीचं विचारलं. धाकटी सांगायला लागली. साहेब कसा आहे, डबा कुठे खाते, शेजारच्या टेबलावरची बाई कशी हिच्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. गोष्ट ऐन रंगात आली आणि कोपऱ्यावर बस दिसली.

त्या क्षणी मोठीनं काही ठरवलं नाही. हातानं ठरवलं. बोलण्यात बस आली की हात वर जायचा, इतकी वर्षं जात आला होता, तसाच तो आजही वर गेला आणि माशी हाकलावी तसा हलला. जा बाबा, तुझं चालू दे. ड्रायव्हरला आज गर्दी पाहून जरा नवल वाटलं होतं आणि त्याचा पाय ब्रेककडे गेलाही होता. पण म्हातारीचा हात दिसताच त्याच्या जिवात जीव आला. त्यानं हात वर केला आणि बस गेली.

मागे सगळी गल्ली नव्या कपड्यांत उभी होती.

"अहो थांबवा!" शिंपीणबाई ओरडली. दोघं-तिघं मागे धावलेही. पण धावताना त्यांनी हात हलवले, त्यामुळे ड्रायव्हरनं आरशात बघून पुन्हा एकदा हात केला. एवढं प्रेम त्याला दुसऱ्या कुठल्या थांब्यावर मिळत नव्हतं.

न्हावी मोजणीवाल्यापुढे जाऊन हात जोडायला लागला. "साहेब, सगळे चढणारच होते. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत."

"बघितलं," मोजणीवाला म्हणाला. "पण मी चढलेले मोजतो. चढणार होते ते मोजायचं यंत्र अजून आलेलं नाही."

मग सगळे मोठीकडे वळले. कुणी काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं, तिनं उलट उत्तर दिलं असतं. कुणीच काही म्हणालं नाही. कारकून पेपर आणायला घरी गेला. मोठी आपल्या हाताकडे बघत बसली. हा हात आपला नव्हेच असं तिला वाटत होतं, पण दुसऱ्या कुणाचा म्हणावा तर बांगडी तिचीच होती.

"ताई, मीसुद्धा उचलला होता," धाकटी हळूच म्हणाली. "सगळे तुमच्या हाताकडे बघत होते, माझा कुणाला दिसला नाही."

संध्याकाळच्या बसला न्हाव्यानं दोन्ही जावांना मागे बसवलं आणि दोघींच्या दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या दिल्या. बस थांबली. दार उघडलं. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं?" आणि साऱ्या गल्लीच्या लक्षात आलं की याचा विचार कुणी केलेलाच नाही. ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी न्हावी म्हणाला, "पुढच्या स्टॉपपर्यंत," आणि एका दमात सगळे चढले. मोजणीवाल्याचं यंत्र टकटकत राहिलं. पण त्याचा काही उपयोग नव्हता. सकाळच्या गाडीला शून्य, आणि नियम दोन्ही गाड्यांचा.

बस गेल्यावर थांब्यावर दोघीच उरल्या, चार पिशव्यांसह.

"चला, बोलून घेऊ," धाकटी म्हणाली. पण त्या दिवशी दोघींना काही सुचलं नाही.

घरी मोठीचा नवरा, कुलूपवाला, जेवायला बसला होता. मोठीनं ताट वाढलं आणि समोर बसली. तो खाली मान घालून जेवत होता. तसंच जेवता जेवता तो म्हणाला, "आता तू बस कुठं धरणार?"

"कुठली बस?"

"इतकी वर्षं धरत होतीस ती."

मोठीचा हात भांड्यावरच थांबला. म्हणजे याला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. पायरीवर यायचा, 'गाडी गेली का' ऐकायचा आणि मुकाट आत जायचा.

"ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?"

"शपथेत थांब्याचं काही नव्हतं," तो म्हणाला.

मग मात्र मोठीचा तोल सुटला. "शपथ तुमची, तिजोरी परक्याची, आणि तुटले कोण, तर आम्ही दोघी! तुमचा भाऊ गेला, तुमचं तुम्ही बघा. माझी बहीण होती ती. मला विचारलंत कधी?" एवढं बोलून ती पाणी आणायला उठली आणि पाणी न आणताच मोरीत उभी राहिली. कुलूपवाल्यानं जेवण संपवलं, पण रोज मागायचा तो दुसरा भात काही मागितला नाही.

पुढच्या आठवड्यात खात्याची माल वाहायची गाडी आली. तीन कामगार आणि एक मुकादम. पत्रा निघाला, खांब निघाला. बाक निघेना. बाकाखाली एक लोखंडी पेटी होती. कधीतरी खात्याला त्यात काही ठेवायचं होतं म्हणून केलेली. बाक जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट त्या पेटीच्या आत होते आणि पेटीला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, तर ज्याच्याकडे होती तो माणूस मरून गेला होता.

"फोडा की," न्हावी म्हणाला.

"कुलूप खात्याचं आहे," मुकादम म्हणाला. "फोडलं तर मला भरावं लागेल. इथं कुणी कुलूपवाला आहे का?"

सगळी गल्ली थोरल्याच्या दाराकडे बघायला लागली. कुलपांचं काम थोरल्याचं. तो हत्यारांची पेटी घेऊन आला आणि बाकासमोर गुडघ्यावर बसला. मोठी आपल्या दारात उभी राहून बघत होती. त्यानं तेल सोडलं. तार घातली, काढली, दुसरी घातली. कुलूप जुनं आणि आतून गंजलेलं होतं. हळूहळू त्याची मान लाल व्हायला लागली. ती लाल मान मोठीला ओळखीची होती, तिजोरीच्या दिवशी ती अशीच झाली होती. शेजारच्या दारात धाकटा उभा होता. त्याच्या हातात किल्ल्या घासायची कानस होती आणि तो ती उगाचच पुसत होता. त्याच्या मागे धाकटी. पुढे काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी हलत नव्हतं.

थोरला उठला. त्यानं गुडघे झटकले.

"मला चहा प्यायचा आहे," तो म्हणाला. ती त्याची चहाची वेळ नव्हती. दोन पावलं जाऊन तो थांबला आणि मागे न बघता, जिथं खांब उपटला होता त्या खड्ड्याला उद्देशून म्हणाला, "कुलूप इथंच आहे."

आत येऊन तो स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मोठीनं चहा ठेवला. ओतला. त्यानं कप हातात घेतला आणि तोंडाला लावलाच नाही. बाहेरून कानशीचा आवाज आला. थांबला. काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज झाला, तसा थोरला चुकचुकला. मग पुन्हा कानस. मग बराच वेळ काही नाही. आणि मग खट्.

"झालं?" त्यानं विचारलं.

"जाऊन बघा," मोठी म्हणाली.

धाकटा बाकापाशी उभा होता, तळहातावर उघडं कुलूप. थोरला त्याच्यासमोर गेला. इतक्या वर्षांत दोघं एवढ्या जवळ उभे राहिले नव्हते.

"उघडंच होतं का?" थोरल्यानं विचारलं.

धाकट्यानं तोंड उघडलं, मिटलं. त्यानं एकदा वहिनीकडे बघितलं. मोठीनं नुसती त्याच्याकडे नजर लावून ठेवली.

"नाही, दादा," तो म्हणाला. "घट्ट होतं. मी उघडलं. पहिली किल्ली मोडली, दुसरीनं उघडलं."

थोरल्यानं त्याच्या हातातलं कुलूप उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

"तेव्हाही एवढंच सांगायचं होतंस," तो म्हणाला.

धाकट्याचा ओठ मुलासारखा हलला. "मला वाटलं, चारचौघांत तुझं..."

"माझं काय? मला येत नव्हतं, तुला आलं. तुला शिकवलं कुणी? मीच ना? छाती फुगवून सांगितलं असतं मी गिऱ्हाइकाला." थोरल्याचा आवाज चिरकला. ते लपवायला तो कुलपावर घसरला. "आणि हे आता उघडलं ते मी आधी तेल सोडलं होतं म्हणून."

"ते तर आहेच," धाकटा म्हणाला.

मुकादमानं पेटी उघडली. आत एक केरसुणी होती. बोल्ट निघाले, बाक गाडीत चढलं आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी सवयीनं पिशवी घेऊन बाहेर पडली. कोपऱ्यावर पोचल्यावर तिला आठवलं. जमिनीत चार भोकं होती आणि भिंतीवर टेकलेल्या पाठींचा लांबलचक तेलकट डाग. कारकून पेपर घेऊन उभ्या उभ्या वाचत होता. मोठी परत वळली. धाकटी आपल्या दारात उभी होती.

"ताई, आत या ना," ती म्हणाली. सगळ्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात.

मोठीनं आपल्या दुकानाकडे पाहिलं. कुलूपवाला एका कुलपात डोकं घालून बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "जा लवकर. चुकेल."

तिनं उंबरा ओलांडला. धाकटीनं तिला खुर्ची दिली आणि स्वतः समोर बसली. पण तोंड कुठं करून बोलायचं तेच दोघींना कळेना. अंबाडा मोठीच्या चांगला ओळखीचा होता, वर्षावर्षाला लहान होत आलेला. पण ही समोर बसलेली, डोळ्यांखाली काळं, गालांवर सुरकुत्या पडलेली बाई कोण?

"तुझा हा दात कधी पडला गं?"

"सांगितलं होतं की तुम्हाला. स्टॉपवर."

"सांगितलं होतंस," मोठी म्हणाली. "बघितला नव्हता."

धाकटी तिच्याकडे टक लावून बघत होती. तिच्याकडे तर एवढ्या वर्षांत फक्त आवाज होता. "किती वाळलात हो ताई," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेर बसचा आवाज आला. मोठीचा हात आपसूक वर गेला. धाकटीनं पुढे होऊन तो धरला आणि खाली आणला.

"राहू दे," ती म्हणाली. "आता थांबत नाही ती."

हात तिनं सोडला नाही. शेगडीवर चहा उतू गेला तेव्हा दोघी उठल्या.